शेवटच्या बाकापर्यंत

आमच्या विभागात कवितेच्या तासाला ध्वनिमुद्रणे ऐकवण्याची प्रथा तशी जुनी आहे. पूर्वी त्यासाठी कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. तो वर्गात नेण्यासाठी शिपायाची मनधरणी करावी लागे, आणि अधूनमधून तो फीत गिळत असे. पण बोलू लागला की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाई. पुढे तो मोडला, मोबाइल आला, आणि मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा करून टेबलावर ठेवण्याची युक्ती काही वर्षे चालली. अखेर आम्ही तिघा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून हातात मावणारा एक ब्लूटूथ स्पीकर घेतला. नळकांड्याच्या आकाराचा, जाळीदार कापडात गुंडाळलेला, एका टोकाला अडकवण्यासाठी बंद असलेला. दुकानदाराने तो सुरू केला तेव्हा काचेचे काउंटर थरथरले. आम्ही प्रभावित झालो आणि पैसे मोजले.

पहिल्याच तासाला एका ज्येष्ठ कवीचे काव्यवाचन लावले. दोन मिनिटांनी मागून एक मुलगी म्हणाली, “सर, आवाज मस्त घुमतोय, पण कवी काय म्हणतायत ते कळत नाही.” आम्ही आवाज वाढवला. “आता जास्त घुमतोय,” ती म्हणाली. वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण तिची तक्रार अचूक होती. प्रस्तुत लेख त्या तक्रारीचा पाठपुरावा करताना हाती लागलेल्या गोष्टींविषयी आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. बाजारातले बहुतेक छोटे ब्लूटूथ स्पीकर शब्दांची फारशी फिकीर न करता बनवलेले असतात, आणि याचे खापर तंत्राच्या मर्यादेवर फोडता येत नाही. त्यामागे एक विशिष्ट अभिरुची आहे. अभिरुचीचा प्रश्न आला की साहित्याच्या लोकांनी गप्प बसण्याचे कारण नाही.

खरेदीपूर्वी आम्ही परीक्षणे वाचली नव्हती असे नाही. किती वॅट, बॅटरी किती तास, पाण्यात पडला तर काय होईल, आणि मग ‘बेस’ कसा आहे, हा त्यांचा ठरलेला क्रम. मराठीतली परीक्षणेही याच क्रमाने चालतात आणि आवाजाविषयी बोलायची वेळ आली की ‘पंची’, ‘क्रिस्प’, ‘डीप’ असे शब्द आहेत तसे उचलून ठेवतात. फार तर ‘दणदणीत’ हा एक शब्द पदरचा घालतात. आश्चर्य याचे वाटते की आवाज ओळखण्याच्या बाबतीत मराठी कधीच दरिद्री नव्हती. गळ्याला आपण ढाला म्हणतो, खडा म्हणतो, किनरा, घोगरा, बसका, चिरका, पिचका, भरदार म्हणतो. तान दाणेदार असते, तंबोरा जवारीदार असतो, नाणे खणखणीत वाजते आणि मडके भद्द वाजले की ते फुटके आहे हे कुंभाराकडे गेलेल्या कोणालाही कळते. शब्दांचा एवढा साठा हाताशी असताना स्पीकरचे परीक्षण करणारा मात्र ‘साउंड क्वालिटी उत्तम’ म्हणून मोकळा होतो. आमच्या स्पीकरचे वर्णन आम्हाला एका शब्दात करायचे झाले तर तो ‘घुमा’ आहे. घुमा माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते. हा स्पीकर तेच करतो, मोठ्याने.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी थोडे भौतिकशास्त्रात शिरणे भाग आहे. खालचे स्वर उत्पन्न करायला पुष्कळ हवा हलवावी लागते. चार-पाच सेंटीमीटर व्यासाच्या पडद्याला ते झेपत नाही. मग दोन उपाय योजले जातात. नळकांड्याच्या टोकांना ज्या गोल चकत्या थडथड उडताना दिसतात तो पहिला उपाय. पुष्कळांना ते मुख्य स्पीकर वाटतात. वस्तुतः त्या चकत्यांना वीज जोडलेलीच नसते. आतला पडदा हलला की बंद डब्यातल्या हवेच्या दाबाने त्या हलतात आणि खर्जाला हातभार लावतात. दुसरा उपाय आतल्या चिपचा. आवाज लहान असताना ती चिप खालचे स्वर मुद्दाम फुगवते. आवाज वाढवला की पडद्याला इजा होऊ नये म्हणून अगदी तळाचा भाग गुपचूप काढून घेते. दुकानात, काउंटरवर, हातभर अंतरावरून ऐकलेला गडगडाट वर्गात तसा ऐकू येत नाही याचे कारण हे. वर्गात उरतो तो दीडशे-दोनशे हर्ट्झच्या आसपासचा फुगवटा. त्यात वर्गाच्या भिंती गिलाव्याच्या, उघड्या; पडदे नाहीत, गालिचा नाही. मुलामुलींचे कपडे वरचे बारीक ध्वनी शोषतात, खालचे तसेच भिंतींवरून परतत राहतात. आणि श्रवणाचा एक नियम असा की खालचा जाड स्वर मोठा झाला की वरच्या बारीक ध्वनीला झाकून टाकतो. उलट दिशेने हे तितके घडत नाही.

भाषेच्या दृष्टीने झाकले जाते ते नेमके काय? स्वर वाचतात, व्यंजने जातात. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘छ’ यांचे घर्षण तीन-चार हजार हर्ट्झच्या वर असते आणि त्याची ताकद स्वरांच्या मानाने फार थोडी. मूर्धन्य ‘ण’ आणि ‘ळ’ यांची ओळख बरीचशी दोन हजार हर्ट्झच्या आसपास होणाऱ्या सूक्ष्म बदलांवरून पटते. महाप्राणांतला प्राण म्हणजे तर निव्वळ श्वासाचा आवाज. मराठीत याशिवाय एक घरचीच अडचण आहे. ‘जरा’ म्हणजे थोडेसे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य. लिपी दोघांना एकच अक्षर देते, फरक केवळ दंततालव्य आणि तालव्य उच्चारात आहे. जिवंत जिभेवरचा हा भेद डब्यातून बाहेर पडताना टिकतो का, हे पाहण्यासाठी आमच्यातल्या एकाने शब्दांची एक यादी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केली: काळ, काल, मन, मण, वेळ, वेल, खण, घण, दोन्ही ‘जरा’, दोन्ही ‘जग’. जोड्या एकापुढे एक येणार नाहीत अशी उलटसुलट. मागच्या बाकांवरच्यांनी ऐकलेला शब्द लिहायचा आणि ‘जरा’, ‘जग’ आले की अर्थ लिहायचा. टेबलावरच्या नव्या स्पीकरने वाचलेल्या यादीत ‘काळ’ आणि ‘वेळ’ यांची पुरती वाताहत झाली. पेल्यातल्या मोबाइलने तीच यादी वाचली तेव्हा आवाज केविलवाणा होता, पण कागद अधिक बरोबर निघाले. याला कोणी शास्त्रीय प्रयोग म्हणू नये. तथापि खर्जाचा लवलेश नसलेले ते यंत्र, पत्र्याच्या आवाजात का होईना, ‘ळ’ सांभाळून होते, हे आम्ही तिघांनीही मुकाट्याने मान्य केले.

आमच्या एका तंत्रज्ञ मित्राने दोष ब्लूटूथला दिला. ब्लूटूथने गाणे पाठवताना ते आकसून पाठवले जाते हे खरे. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. ब्लूटूथच्या प्रत्येक स्पीकरला समजलीच पाहिजे अशी जी मूलभूत पद्धत आहे, ती चांगल्या स्थितीत ३२८ च्या आसपास नेते. म्हणून आम्ही वायर जोडून तीच यादी पुन्हा ऐकली. शब्दांच्या बाबतीत कानाला फरक जाणवला नाही. चोर डब्यातच होता.

आता या डब्याची एक बाजूही मांडायला हवी, कारण तिने आम्हाला चकित केले. वर्ग सुटल्यावर आम्ही त्यावर नुसता तंबोरा लावला. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झ. एवढा खालचा स्वर असल्या छोट्या डब्यातून पुरेशा ताकदीने निघणे अवघडच. आणि तरीही तंबोरा पूर्ण ऐकू आला. याचे रहस्य जवारीत आहे. घोडीवर दोऱ्याने साधलेली ती जवारी तारेतून मूळ स्वरापेक्षा त्याचे उपस्वरच भरभरून काढते. आणि कानाला उपस्वरांची मालिका ऐकू आली की मूळ स्वर तो आपल्या पदरचा घालतो. स्पीकर बनवणारे हा श्रवणाचा धर्म जाणून असतात. काही जण कृत्रिम उपस्वर मिसळून नसलेल्या खर्जाचा भास निर्माण करतात. तंबोरा करणाऱ्या मिरजेच्या कारागिराला ही गोष्ट कोणी समीकरणाने सांगितली नव्हती, पण त्याच्या हाताला ती ठाऊक होती. डग्ग्याचे मात्र तसे नाही. त्याचा घुमारा या स्पीकरवर येतो तो रबरी येतो, मींड ऐकू येते आणि वजन जाते.

जुन्या मुद्रणांची गोष्ट आणखी निराळी. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर आठवड्याला एक गीत या क्रमाने ५६ गीतांत प्रसारित झाले. मध्यमलहरींवर वरचे स्वर साडेचार-पाच हजार हर्ट्झपर्यंतच जात, ऐकणाऱ्याकडे एकच स्पीकर असलेला रेडिओ. आणि तरीही लोकांनी शब्दन् शब्द पाठ केला. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे उच्चार यांना श्रेय आहेच. परंतु लाकडी पेटीतला तो रेडिओ मधल्या पट्ट्याचा, म्हणजे माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्याचा, धनी होता हेही विसरू नये. एकमार्गी ध्वनीचे ते मुद्रण एका डब्यातून ऐकताना काहीच गमावले जात नाही. नवा स्पीकर त्यात जो खर्ज मिसळतो तो मुळात तिथे नव्हताच. आम्ही हस्तलिखितांचे पाठ संपादित करताना अशा मजकुराला प्रक्षेप म्हणतो.

दिसण्या-वागण्याकडे वळतो. आमच्या स्पीकरवर ‘आयपी ६७’ अशी मोहोर आहे. तिचा अर्थ असा की त्यात धूळ शिरत नाही आणि तो एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. कवितेच्या तासाला याचा उपयोग होईल असा प्रसंग अद्याप आलेला नाही. बटणे रबराची, काळ्यावर काळी, बोटाने चाचपून ओळखायची. जोडणी झाली की एक बाई परदेशी इंग्रजीत तसे जाहीर करते, नेमकी कवितेच्या आधीची शांतता मोडून. गोल अंगामुळे तो टेबलावर घरंगळतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही खडूचे तुकडे लावतो. एकूण त्याचा घाट सांगतो की मला पाठपिशवीला अडकवा आणि बाहेर चला. सह्याद्रीतल्या गडांवर हल्ली पहाटे पाखरांच्या आधी हेच स्पीकर जागे होतात. तिथे त्यांना नेणाऱ्या मुलांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्या वस्तूला जन्मतःच पिशवीचा बंद आणि पावसाचे चिलखत दिले आहे ती गडावर जाणार नाही तर कुठे जाणार? जाता जाता एक गंमत. या तंत्राचे नाव एका कादंबरीच्या वाचनातून आले. १९९७ साली इंटेलमधले जिम कार्डाख हे फ्रान्स बेंग्टसन या स्वीडिश लेखकाची व्हायकिंगांवरची कादंबरी वाचत होते. तिच्यात दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ भेटतो. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचे दोन रून एकात एक गुंफून ते निळे चिन्ह झाले. एवढे साहित्यिक कूळ असलेल्या यंत्राने शब्दांचा असा दुस्वास करावा!

तुलनेसाठी एक निराळी वस्तू आम्ही एका सहकाऱ्यांच्या आईंकडे ऐकली. ‘सारेगामा’ कंपनीने, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीवाल्यांनी, २०१७ साली आणलेला ‘कारवां’. हाही वाहून नेता येणारा ब्लूटूथ स्पीकरच. शिवाय पोटात पाच हजार गाणी, रेडिओ, आणि २०२४ साली आपल्यातून गेलेल्या अमीन सायानींची गीतमाला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. त्याच्या साठीतल्या रेडिओसारख्या चेहऱ्याबद्दल आमच्यात दुमत झाले. एकाला तो स्मरणरंजनाचा व्यापार वाटला, आणि ते खोटे नाही. पण आईंनी चष्मा न लावता तो सुरू केला, चकती फिरवून हवे ते नाव लावले आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या, हेही आम्ही पाहिले. खर्ज बेताचा होता. स्वयंपाकघरातून त्या शब्द बरोबर गुणगुणत होत्या.

आम्हाला विशेष वाटले ते त्या चकतीवरच्या नावांचे. गाणी गायकांच्या नावाने आहेत तशी संगीतकारांच्या आणि गीतकारांच्या नावानेही लावलेली आहेत. गाणी ऐकवणाऱ्या आजच्या मोबाइल सेवांत गायकाचे नाव ठळक, चित्रपटाचे त्याखालोखाल, आणि गीतकार शोधायचा तर दोन-तीन पडदे उघडावे लागतात. कित्येकदा तो सापडतच नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी केलेल्या एका डब्याने कवीला बोटाशी जागा दिली, याचे श्रेय दिलेच पाहिजे. आक्षेपही आहे. मूळ ‘कारवां’त एखादे विशिष्ट गाणे नावाने मागता येत नाही, येईल त्या क्रमाने ऐकावे लागते, आणि आतली निवड ज्या कंपनीच्या मालकीची गाणी तिचीच आहे. प्रातिनिधिक संग्रह म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती दिलेल्या पुस्तकात एकाच प्रकाशकाचे कवी असावेत, तसे हे झाले.

कोणी म्हणेल, नाचासाठी केलेल्या वस्तूला तुम्ही व्याकरणाच्या परीक्षेला का बसवता? आक्षेपात तथ्य आहे. पण आता ही वस्तू केवळ नाचासाठी राहिलेली नाही. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी कादंबऱ्या मोठ्या प्रमाणावर कानांनी वाचल्या जाऊ लागल्या. त्या ऐकणाऱ्यांत दृष्टिहीन वाचक आहेत, मोतीबिंदूने पुस्तक सुटलेले आजोबा आहेत. वयपरत्वे श्रवणशक्ती घटते ती वरच्या पट्ट्यापासून, म्हणजे व्यंजनांच्या बाजूने. त्यांच्या कानांनी आधीच जे गमावले आहे तेच स्पीकरनेही कापून पाठवायचे, आणि घरच्यांनी म्हणायचे की आवाज तर एवढा मोठा आहे, तरी ह्यांना कळत कसे नाही! आमच्यातल्या एकाच्या घरी हे रोज घडत होते. परीक्षणे लिहिणाऱ्यांनी दहा मिनिटे गाणे ऐकून झाल्यावर दोन मिनिटे कोणाचे तरी वाचन ऐकावे, तेही दहा पावलांवरून. आमची मागणी एवढीच आहे.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात. आमच्यापैकी एकाचा याआधीचा स्पीकर दोन वर्षांत तासाभरातच मान टाकू लागला. दुरुस्तीच्या दुकानात सांगण्यात आले की बॅटरी चिकटवलेली आहे, नवा घ्या. लिथियमची बॅटरी झिजणारच; ती बदलता येऊ नये हा मात्र रचनाकाराचा निर्णय असतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमावलीप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी ठेवणे बंधनकारक आहे. टेपरेकॉर्डरचे मोठे सेल आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणत असू.

स्पीकर आम्ही टाकून दिलेला नाही. हल्ली तो टेबलावर न ठेवता वर्गाच्या मधोमध एका स्टुलावर, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर उभा करतो. भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर. मोबाइलमधल्या इक्वलायझरमध्ये बेसच्या दोन्ही पट्ट्या पार खाली ओढतो, तीन-चार हजारांची थोडी वर ढकलतो, आणि आवाज पूर्वीच्या निम्म्यावर ठेवतो. आता तो काउंटर थरथरवणार नाही. ‘काळ’ आणि ‘वेळ’ मागच्या बाकांवर सुखरूप पोचतात, दोन्ही ‘जरा’ बहुतेकांना वेगळे कळतात. ‘मण’ मात्र दोघीतिघी अजूनही ‘मन’ असाच लिहितात. त्यात दोष स्पीकरचा की यादी वाचणाऱ्या आमच्या सहकाऱ्याचा, यावर विभागात मतभेद आहेत.